पक्कं लायसन्स हातात आल्यानंतरचे पहिले काही महिने

मुलगा किंवा मुलगी अठराची झाली की घरोघरी एकच घाई, लर्निंग काढा, क्लास लावा, आरटीओच्या ट्रॅकवर टेस्ट द्या आणि झालं. तोपर्यंत आईबाबा धास्तावलेले असतात आणि पक्कं लायसन्स आलं की निर्धास्त होतात. संशोधन जवळपास उलटं सांगतं. शेजारी मोठं माणूस बसलेलं असतं तोवर अपघात फार कमी होतात, एकट्याने गाडी चालवायला लागल्यावर पहिल्या काही महिन्यांत धोका एकदम वर जातो आणि मग हळूहळू उतरतो.

कारण असं की क्लच, गिअर, ब्रेक हे हातापायांचं काम पोरं पटकन शिकतात, वेळ लागतो तो नजरेला. ड्रायव्हरची नजर कुठे जाते हे मोजणारे प्रयोग १९७० च्या दशकापासून झालेत, नवशिक्याची नजर गाडीच्या पुढच्या थोड्याशा रस्त्यावर खिळलेली असते, आरशात कमी जाते, अनुभवी माणूस लांबवर आणि दोन्ही बाजूंना बघत असतो. स्टॉपवर थांबलेली एसटी दिसली की तिच्या पुढून कोणीतरी पळत येईल हे आपल्या आधीच डोक्यात येतं, मुलाला फक्त एसटी दिसते.

म्हणून शेजारी बसून "ब्रेक मार, ब्रेक मार" ओरडण्यापेक्षा त्याला चालवता चालवता मोठ्याने बोलायला लावा, काय दिसतंय आणि पुढे काय होऊ शकतं. "रिक्षावाला डावीकडे बघतोय, पॅसेंजरसाठी थांबेल", "गेटमधून बाईक निघतेय". सुरुवातीला त्यांना हे फार ऑकवर्ड वाटतं, पण धोका आधी ओळखायची सवय यातून खरंच लागते. आधी तुम्ही स्वतः चालवताना असं बोलून दाखवा, आणि तेव्हा फोन उचलू नका, कारण मुलं तेही बघूनच शिकतात.

वेगाचं गणितही एकदा कागदावर करून दाखवा. ताशी ४० किमीला गाडी सेकंदात ११ मीटर जाते, ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद धरला तर कोरड्या चांगल्या रस्त्यावर पूर्ण थांबायला साधारण २० मीटर लागतात. ६० ला हेच अंतर जवळपास ३७ मीटर. वेग दीडपट झाला तर अंतर जवळजवळ दुप्पट, कारण ब्रेक लागल्यानंतरचं अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे मित्र. २००५ मध्ये अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी गाडी चालवण्याचा एक कॉम्प्युटर गेम वेगवेगळ्या वयाच्या लोकांना एकटं आणि मित्रांसमोर खेळायला दिला. १३ ते १६ वयाच्या मुलांनी मित्रांसमोर जवळपास दुप्पट धोका पत्करला, मोठ्यांमध्ये फारसा फरक पडला नाही. मेंदूचा आवर घालणारा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्का होत असतो, त्यामुळे घरी अगदी समजूतदार असलेली मुलगीही मैत्रिणी मागे बसल्या की वेगळी चालवू शकते, हा संस्कारांचा प्रश्न नाहीये.

न्यूझीलंडने १९८७ मध्येच टप्प्याटप्प्याचं लायसन्स आणलं, सुरुवातीला रात्री एकट्याने चालवायचं नाही, मित्रांना बसवायचं नाही. आपल्याकडे असे टप्पे नाहीत, म्हणून ते घरातच ठरवावे लागतात, पहिले सहा महिने रात्री नको, ट्रिपल तर कधीच नको, हेल्मेट मागच्यालाही.

आणि सोळाव्या वर्षी स्कूटर देणाऱ्यांसाठी, ते लायसन्स ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं असतं, नेहमीची स्कूटर ११०-१२५ सीसीची असते. अल्पवयीन मुलाने गाडी चालवण्याबाबतचा गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

पहिला पावसाळा आला की परत शेजारी बसा, ओल्या रस्त्यावर थांबायला किती जास्त जागा लागते हे उन्हाळ्यात शिकलेल्या मुलाला अजून माहीतच नसतं.