रेताड जमिनीतला राखाडी थर

सौम्य चढ-उताराच्या रेताड जमिनीत, विशेषतः थंड, ओल्या हवामानात, मीटरभर खड्डा घेतला की काळपट पट्ट्याखाली अनेकदा राखेसारखा फिकट थर लागतो आणि त्याखाली कॉफीच्या रंगाचा. रशियन शेतकऱ्यांच्या बोलीतला ‘पॉडझोल’ हा शब्द यावरूनच आला: ‘पॉड’ म्हणजे खाली, ‘झोला’ म्हणजे राख. प्रत्यक्षात राखेचा इथे संबंध नाही.

एकोणिसाव्या शतकात माती म्हणजे झिजलेला खडक, एवढीच समजूत रूढ होती. रशियन मृदाशास्त्रज्ञ वसिली दोकुचायेव यांनी 1883च्या प्रबंधात हवामान, सजीव, मूळ खडक, भूरूप आणि काळ यांतून माती घडते असे मांडले. अ, ब, क अशी थरांची नावेही त्यांच्याच कामातून रुळली.

राखाडी थराचे कारण भिंगाखाली दिसते. पिवळट वाळूचा रंग कणांवरच्या लोहाच्या पातळ लेपाचा असतो. पालापाचोळ्यातून झिरपणारी सेंद्रिय आम्ले तो लेप सोडवून खाली नेतात; वर काचेसारखे उघडे क्वार्ट्‌झ उरते. खालच्या कणांवर तोच माल तपकिरी, तडकलेल्या लेपाच्या रूपात बसतो, कधी इतका घट्ट की कुदळ अडते. वाळूत मुळात लोह कमी आणि पाणी झरझर उतरणारे, म्हणून चिकणमातीपेक्षा हे लवकर घडते.

उताराचा हिशोब मात्र उशिरा लागला. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या जेफ्री मिल्न यांनी 1935मध्ये उंचवट्यापासून खोलगटापर्यंतच्या मातींना ‘कॅटेना’, म्हणजे साखळी, म्हटले. रेताड जमिनीत मीटर-दोन मीटरचा फरकही पुरतो: माथ्यावर भूजल खोल, खोलगटात ते वर येते, लोह विरघळते आणि करड्या मातीत गंजाचे ठिपके उमटतात. माथ्यावरच्या एकाच खड्ड्यावरून सगळ्या शेताचा नकाशा काढला, तर तो खोलगटात हमखास चुकतो.

दुसरी फसगत पट्ट्यांची. खड्ड्याच्या उभ्या छेदातली प्रत्येक रेघ मृदास्तर, म्हणजे माती घडताना तयार झालेला थर, नसते. वाऱ्याने किंवा पाण्याने वाळू साचतानाही रेघा पडतात. झिरपून आलेल्या चिकणमातीची पट्टी नागमोडी असते, साचण्याच्या रेघांना कापत जाते आणि तिथे कण चिकणमातीने एकमेकांना जोडलेले दिसतात. अमेरिकी वर्गीकरणात 0.5 सेंमी किंवा अधिक जाडीच्या अशा पट्ट्यांची बेरीज 15 सेंमी भरल्याशिवाय त्यांना चिकणमाती साचलेला थर मानत नाहीत.

जुने अहवाल जुळवताना वाळूची व्याख्याही तपासावी. स्वीडिश शास्त्रज्ञ आटरबर्ग यांच्या कणांच्या मापात वाळू 0.02 मिमीपासून सुरू होते, अमेरिकी मापात 0.05पासून, त्यामुळे एकाची ‘बारीक वाळू’ दुसऱ्याच्या तक्त्यात गाळ, म्हणजे वाळूहून बारीक कण, ठरू शकते.