कोकणातल्या प्रेसचं काम नेमकं गेलं कुठे?

लग्नसराई आली की आमच्या चिपळूणच्या प्रेसमध्ये अजूनही पत्रिका टाकायला माणसं येतात, पण जिथे पाचशे सांगायचे तिथे आता शंभर सांगतात, बाकीच्यांना व्हॉट्सअ‍ॅप. मुलं विचारतात धंदा का बसला, तर त्याला बराच मागचा हिशोब आहे.

भारतातला पहिला छापखाना आला तो याच किनाऱ्यावर, १५५६ साली, गोव्यात. ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर पण आपल्या देवगडकडच्या पोंभुर्ल्याचे, पण १८३२ मध्ये पेपर निघाला तो मुंबईत, आणि तेव्हापासून तसंच चालू आहे, माणूस कोकणातला आणि मोठी मशीन बाहेर.

इथल्या प्रेसचं पोट भरलं ते जॉबवर्कवर. पावती पुस्तकं, बिलबुकं, नमन आणि दशावताराच्या खेळांची हँडबिलं, पत्रिका. ट्रेडल मशीन, एका हाताने कोरा कागद लावायचा, दुसऱ्याने छापलेला काढायचा, लक्ष हललं तर बोटं गेली. मराठीत जोडाक्षरं, काना, मात्रा सगळ्यांचे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, वेगळे, त्यामुळे ते ठेवायच्या केसमध्ये, म्हणजे खणांच्या ट्रेमध्ये, घरंच घरं, आणि अक्षरं जुळवणारा कंपोझिटर मान वर न करता बरोबर घरात हात घालायचा. आमच्याकडचे काका सीझनमध्ये ‘चि.’ आणि ‘सौ. कां.’ जुळवलेलेच ठेवायचे, परत सुटे करायचेच नाहीत, कारण उद्या परत लागणारच.

मग ऑफसेट आलं, म्हणजे खिळ्यांऐवजी अख्ख्या पानाच्या प्लेटवरून छपाई. त्याचं गणित साधं आहे, प्लेटचा खर्च आधीच होतो, नंतर जितक्या जास्त कॉपी तितका एका कॉपीचा भाव खाली. म्हणजे दोनशे पावत्या आमच्याकडे, पण पाच हजार कॅलेंडरं कोल्हापूरला नाहीतर थेट शिवकाशीला, आणि तिथल्या रेटला आम्ही कुठून पुरणार! शेजारच्या प्रेसशी आम्ही वर्षानुवर्षं भांडत बसलो, गिऱ्हाईक मात्र एसटीत पार्सल टाकून बाहेर गेलं. डीटीपीने, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अक्षरजुळणीने, कंपोझिटर घरी बसवला, फ्लेक्सने पोस्टर खाल्लं, एकच बोर्ड चौकात लावला की पाचशे हँडबिलांचं काम झालं.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा सगळ्या दुकानदारांना नंबर टाकलेली नवीन बिलबुकं एकदम लागली, आम्ही रात्री जागून छापली, वाटलं बरे दिवस आले, आणि मग तीच दुकानं एकेक करत कॉम्प्युटर बिलावर गेली. जुलै २०२२ ला शाईवरचा कर पण १२ चा १८ टक्के झाला.

त्याच्या आदल्या वर्षीचा २२ जुलैचा पूर तर विसरता येत नाही. कागदाची रिमं पाण्याने फुगून रॅक फोडून बाहेर आली होती, ट्रेडलमध्ये चिखल. ट्रेडल शेवटी भंगारात वजनावर दिली, खिळेसुद्धा किलोने गेले. काकांनी तेवढे ‘चि.’ आणि ‘सौ. कां.’ खिशात ठेवले.

आता डिजिटल मशीन आहे, तिला प्लेट लागत नाही, म्हणून पन्नास कॉपी पण परवडतात, आणि माझ्या मते छोट्या प्रेसला उरलेली जागा हीच. आंब्याचे छापील बॉक्स मोठ्या कारखान्यातून येतात, ते आपल्याला जमणारं नाही. पण बचत गटाच्या बायका कोकम आगळाची साठ लेबलं मागतात, आंबापोळीची चाळीस, आणि त्यांना संध्याकाळच्या एसटीच्या आत हवी असतात.