पन्नीवरच्या दोन बंद्या: राज्याची २०१८ ची आणि केंद्राची २०२२ ची

विदर्भातील कोणत्याही आठवडी बाजारात दुकानदाराला पन्नीविषयी, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीविषयी हटकले, तर तो पुष्कळदा पिशवीवर छापलेला १२० मायक्रॉन या जाडीचा आकडा दाखवतो आणि ‘ही चालते’ असे सांगतो. त्याचे म्हणणे एका कायद्यापुरते बरोबर आणि दुसऱ्या कायद्यापुढे चूक असते. महाराष्ट्रात प्लास्टिकवर दोन स्वतंत्र बंद्या एकाच वेळी लागू आहेत. एक राज्य शासनाची, २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने आलेली. दुसरी केंद्र शासनाची, १ जुलै २०२२ पासून अंमलात आलेली. दोहोंनाही बोलण्यात आणि बातम्यांत ‘प्लास्टिकबंदी’ हे एकच नाव मिळाल्यामुळे जुनी बंदी जाऊन तिच्या जागी नवी आली, असा समज गावोगावी रुजला आहे. तो चुकीचा आहे.

दोघींची मुळे वेगळी आहेत. राज्याची अधिसूचना महाराष्ट्र अविघटनशील कचरा (नियंत्रण) अधिनियम, २००६ या राज्याच्या स्वतःच्या कायद्यातून निघाली. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुरानंतर पिशव्यांनी तुंबलेल्या नाल्यांची चर्चा राज्यभर झाली आणि त्या पार्श्वभूमीवर हा कायदा झाला. ज्या गावांत बांधीव गटारच नाही तेथेही तो तितकाच लागू आहे, हा त्यातला एक विरोधाभास. केंद्राची बंदी पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खालच्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये १२ ऑगस्ट २०२१ रोजी झालेल्या दुरुस्तीतून आली. या दुरुस्तीने राज्याच्या अधिसूचनेला हात लावलेला नाही.

पिशवीच्या बाबतीत दोन्ही कायद्यांची विचार करण्याची रीतच निराळी आहे. केंद्राचा नियम जाडी पाहतो. पातळ पिशवी उडते, गोळा होत नाही आणि भंगारवाल्याला परवडत नाही, म्हणून २०१६ मध्ये किमान जाडी ४० वरून ५० मायक्रॉन करण्यात आली, ३० सप्टेंबर २०२१ पासून ती ७५ झाली आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०. राज्याची अधिसूचना जाडी विचारतच नाही. सामान नेण्यासाठी दिलेली प्लास्टिकची पिशवी, तिला हातात धरण्याचे बंद असोत वा नसोत, ती पातळ असो वा जाड, राज्यात बंद आहे. त्यामुळे पिशवीवर छापलेला १२० चा आकडा महाराष्ट्राबाहेरच्या ज्या राज्यात केवळ केंद्राचा नियम चालतो तेथे उपयोगी पडेल; वर्धा, यवतमाळ किंवा गोंदियाच्या बाजारात तो दुकानदाराला वाचवत नाही.

येथे एक शंका नेहमी येते, की केंद्राचा कायदा वरचढ असताना राज्याची बंदी टिकते कशी. उत्तर नियमाच्या शब्दांतच आहे. १२० मायक्रॉनहून पातळ पिशवी देऊ नका, असे केंद्र म्हणते. जाड पिशवी द्याच, असे ते कोठेही म्हणत नाही. जो दुकानदार पिशवी मुळीच देत नाही त्याच्या हातून दोन्ही कायदे एकाच वेळी पाळले जातात, म्हणून त्यांच्यात विरोध उभा राहत नाही. एकाखाली एक धरलेल्या दोन चाळण्यांसारखी ही व्यवस्था आहे आणि वस्तू दोन्हींतून पार पडली तरच ती विकता येते. राज्याच्या बंदीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले होते. न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये तिला स्थगिती नाकारली, आणि तीन महिन्यांची मुदत संपल्यावर २३ जून २०१८ पासून कारवाई सुरू झाली.

बंदी लागू झाल्यावर थोड्याच दिवसांत राज्याने किराणा मालाच्या वेष्टनाला ५० मायक्रॉनहून अधिक जाडीच्या अटीवर सवलत दिली, आणि गोंधळ वाढला तो तेथून. तूरडाळीचे बंद पाकीट हे वेष्टन आहे. तेच पाकीट आणि सोबतचा गूळ घरी नेण्यासाठी दिलेली पन्नी ही पिशवी आहे. पहिल्याला सवलत आहे, दुसऱ्याला नाही. औषधांच्या वेष्टनाला पहिल्यापासून सूट आहे आणि दुधाच्या पिशवीलाही आहे, मात्र ती ५० मायक्रॉनहून पातळ नसावी आणि परत घेण्याची किंमत तिच्यावर छापलेली असावी, अशी अट आहे.

पिशवी सोडून इतर वस्तूंकडे वळले, तर दोन्ही याद्या बऱ्याच ठिकाणी एकमेकींवर पडतात. लग्नाच्या पंगतीतील थर्माकोलची पत्रावळ आणि द्रोण, प्लास्टिकचे ताट, पेला, चमचा, शरबताची नळी या वस्तू राज्याने २०१८ मध्येच बंद केल्या आणि केंद्राने २०२२ मध्ये. पळसाच्या पानांची पत्रावळ ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या शिवली गेली, तेथे थर्माकोल बंद करण्यासाठी दोन कायदे लागावेत, हे वाचताना थोडे ओशाळल्यासारखे होते. केंद्राच्या यादीत काही बारीक वस्तूही नावानिशी आहेत: कान साफ करण्याच्या, फुग्याच्या, गोळीच्या आणि आइस्क्रीमच्या प्लास्टिकच्या काड्या, प्लास्टिकचे झेंडे, मिठाईच्या डब्यावरचे व लग्नपत्रिकेवरचे पातळ वेष्टन, आणि १०० मायक्रॉनहून पातळ फलक. याउलट चहाच्या टपरीवरचा, आतून प्लास्टिकचा थर दिलेला कागदी कप केंद्राच्या यादीत नाही. राज्याने जुलै २०२२ मध्ये अशा कप-ताटल्या बंद केल्या. कप कागदाचा आहे, हे टपरीवाल्याचे उत्तर म्हणून अपुरे पडते.

या सगळ्यात विदर्भाचा खास प्रश्न खर्ऱ्याच्या पन्नीचा आहे, आणि तो माझ्या मते बाजारच्या पिशवीहून मोठा आहे. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पातळ प्लास्टिकच्या चौकोनी तुकड्यात घेऊन घोटतात आणि त्याच तुकड्यात बांधून देतात. खर्रा संपला की तो तुकडा रस्त्याकडेला, बसथांब्यावर, शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर पडतो. तळहाताएवढ्या, चुना लागलेल्या तुकड्याला भंगारवाला विचारत नाही. या तुकड्याला बंद नाहीत आणि त्यात सामान नेले जात नाही, म्हणून तो पिशवीच्या १२० मायक्रॉनच्या नियमात बसत नाही, असा युक्तिवाद करता येईल. पण केंद्राच्या २०१६ च्या नियमांत दोन वेगळी कलमे आहेत. वस्तू गुंडाळण्यासाठी वापरलेली प्लास्टिकची शीट, तिच्या कामात जाडीमुळे अडथळा येत नसेल तर, ५० मायक्रॉनहून पातळ असू नये, हे एक. आणि गुटखा, तंबाखू व पानमसाला साठवण्यासाठी, बांधण्यासाठी किंवा विकण्यासाठी प्लास्टिकची पुडी मुळीच वापरू नये, हे दुसरे. दुसऱ्या कलमात जाडीची सूट नाही. राज्याच्या यादीतही वस्तू गुंडाळण्याचे प्लास्टिक आहेच. खर्ऱ्यावर अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली राज्यात असलेली बंदी हा आणखी तिसराच विषय, त्यामुळे पुडीतील माल आणि पुडीचे प्लास्टिक यांच्यावरच्या कारवाया वेगवेगळ्या असतात आणि एकीने दुसरी भागत नाही.

शेतीत प्रश्न उलट दिशेने येतो. वरूड तालुक्यातील शेंदुरजनाघाटसारख्या गावांत संत्र्याच्या कलमांच्या रोपवाटिका आहेत. राज्याच्या अधिसूचनेने रोपवाटिका, फलोत्पादन, शेती आणि घनकचरा हाताळणी यांसाठी पिशव्यांना सूट दिली, ती मात्र कंपोस्टेबल पिशव्यांना, म्हणजे खताच्या ढिगात कुजणाऱ्या पदार्थाच्या पिशव्यांना. आणि केवळ याच कामासाठी असल्याचा मजकूर पिशवीवर ठळक छापलेला असावा, अशी अट घातली. केंद्राने कंपोस्टेबल पदार्थाला जाडीच्या अटीतून आणि २०२२ च्या यादीतूनही वगळले आहे, पण उत्पादकाने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र घेतले पाहिजे. राज्यानेही २०२२ च्या अखेरीस प्रमाणित कंपोस्टेबल ताट-वाट्या-चमच्यांना आणि दर चौरस मीटरला ६० ग्रॅमहून जड असलेल्या न विणलेल्या, कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्यांना ढील दिली. नुसते ‘पर्यावरणपूरक’ असे छापलेल्या पिशवीला यांपैकी कोणतीही सवलत लागू होत नाही. मिरचीच्या वाफ्यांवर अंथरण्याचा मल्चिंग पेपर, जो खरे तर प्लास्टिकचाच असतो, १ जुलै २०२२ च्या यादीत नाही. हंगामानंतर तो उपटून धुऱ्यावर जाळला जातो, तेव्हा मात्र तो कचरा होतो आणि उघड्यावर जाळण्याचा प्रश्न उभा राहतो.

दंडातही दोन कायदे दोन टोकांना आहेत. राज्याच्या कायद्याखाली पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० रुपये आणि तिसऱ्याला २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांची कैद आहे, आणि कारवाईचे अधिकार महसूल, पोलीस, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, वन अशा अनेक खात्यांतील अधिकाऱ्यांना वाटून दिलेले आहेत. म्हणून गावातील दुकानदाराच्या हातात पावती पडते ती बहुधा याच कायद्याची. केंद्राच्या कायद्यात पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होता. जनविश्वास अधिनियम, २०२३ मुळे १ एप्रिल २०२४ पासून कैद गेली आणि दंड १०,००० रुपयांपासून १५ लाखांपर्यंत झाला. त्याचा रोख मुख्यतः उत्पादक, आयातदार आणि मोठे विक्रेते यांच्यावर आहे. कोणाला दंड झाला तर पावतीवर कोणत्या अधिनियमाचे नाव आहे ते आधी वाचावे, कारण कोठे दाद मागायची हे त्यावरच ठरते.

एका गोष्टीत मात्र केंद्राचे नियम गावाच्या अधिक जवळ आहेत. २०१६ पूर्वीचे नियम नगरपालिका क्षेत्रापुरते होते. २०१६ च्या नियमांनी ते ग्रामीण भागाला लावले आणि प्लास्टिक कचरा वेगळा करणे, गोळा करणे, पुनर्वापराकडे पाठवणे आणि उघड्यावर जाळू न देणे ही कामे ग्रामपंचायतीवर टाकली. ज्याचा पुनर्वापर होत नाही ते प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात किंवा सिमेंटच्या भट्टीत वापरावे, असे हे नियम सुचवतात, आणि अशा भट्ट्या चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा-कोरपन्याच्या पट्ट्यात आहेत. स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण विभागाच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक विकासगटात प्लास्टिक कचऱ्याच्या एका केंद्रासाठी १६ लाखांपर्यंत तरतूदही आहे. खर्ऱ्याच्या पन्नीचा तुकडा त्या केंद्रापर्यंत पोचवायचा, तर तो आधी कोणीतरी धुऱ्यावरून वाकून उचलावा लागतो, आणि त्या माणसाची मजुरी ग्रामपंचायतीला स्वतःच्या करातून किंवा वित्त आयोगाच्या निधीतून काढावी लागते.