एका ओळीचं व्याज

सॉफ्टवेअरवर 'कर्ज' चढलंय म्हटलं की बहुतेकांना वाटतं, कुणीतरी घाईत गचाळ कोड लिहिला असणार. हा समज खोडून काढायलाच हवा. प्रत्येक फाइल नीटनेटकी, सगळ्या चाचण्या पास, तरीही अख्खी यंत्रणा कर्जात, हे चित्र मोठ्या कंपन्यांत सर्रास दिसतं. आर्किटेक्चरचं, म्हणजे यंत्रणेच्या रचनेचं, कर्ज साठतं ते फाइलींच्या आपसातल्या नात्यांत.

ही कर्जाची उपमा प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ साली वापरली. आजची उसनवारी फेडली नाही, तर पुढच्या प्रत्येक बदलावर व्याज द्यावं लागतं. ते चढतं कसं, हे मला फार विलक्षण वाटतं.

दहा मॉड्यूलांची, म्हणजे प्रोग्रामच्या वेगवेगळ्या भागांची, साखळी घ्या. पहिलं स्क्रीन दाखवतं आणि दुसऱ्यावर विसंबतं, दुसरं तिसऱ्यावर, असं दहाव्यापर्यंत. जे ज्यावर विसंबतं, त्याच्याकडे त्याचा बाण जातो असं समजा. दहावं फक्त कर मोजतं. दहाव्यात बदल केला तर त्यावर विसंबलेली धरून दहाही तपासावी लागतील, नवव्यात केला तर नऊ, पहिल्यात केला तर ते एकटंच. प्रत्येकात एकेकदा बदल केला तर एकूण बेरीज ५५.

एके दिवशी कराच्या मॉड्यूलला 'रक्कम चुकीची आहे' हा संदेश वापरकर्त्याच्या भाषेत द्यायचा असतो. भाषा कोणती, ते स्क्रीनच्या मॉड्यूलला ठाऊक. प्रोग्रामर तिथून ती मागवून घेतो. दुसऱ्या मॉड्यूलमधलं काही वापरायला घेणारी एक इम्पोर्टची ओळ, काम फत्ते! पण दहाव्याचा बाण पहिल्याकडे वळला आणि साखळीचं कडं झालं. आता कुठेही हात लावा, दहाच्या दहा तपासा. दहा गुणिले दहा, १००. एका ओळीने ५५ चे १०० केले.

तोड सोपी आहे. कराच्या मॉड्यूलने कोणती चूक झाली त्याचा फक्त क्रमांक परत द्यावा, शब्द स्क्रीनने निवडावेत. उलटा बाण गेला की कडं सुटतं. मॅककॉर्मॅक, रुस्नाक आणि बाल्डविन या संशोधकांनी असे थेट आणि आडवळणाचे बाण मोजून 'प्रोपगेशन कॉस्ट' हे माप वापरलं, म्हणजे एका बदलाची झळ सरासरी किती भागाला पोहोचू शकते ते. मोझिला या वेब ब्राउझरच्या कोडची पुनर्रचना झाल्यावर हे माप चांगलंच घसरल्याचं त्यांना आढळलं.

संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच सांगितलं होतं, की संस्थेत संवादाची रचना जशी, तशीच तिने घडवलेल्या यंत्रणेची. दोन टीम एकमेकींशी बोलत नसतील तर आडवाटेचे बाण वाढणारच. 'मायक्रोसर्व्हिसेस करा, म्हणजे यंत्रणेचे नेटवर्कवरून बोलणारे छोटे स्वतंत्र तुकडे करा, सगळं सुटेल' हा मंत्र म्हणूनच मला पटत नाही. कडं तसंच ठेवून तुकडे केले, तर तेच बाण नेटवर्कवरून धावतात, आणि बिघाड शोधणं आणखी अवघड होतं.

त्यापेक्षा आज असलेल्या उलट्या बाणांची यादी गोठवावी. यादीबाहेरचा एकही नवा बाण आला की बिल्ड, म्हणजे कोडपासून प्रोग्राम तयार करण्याची पायरी, तिथेच फेल व्हावं. मग कोडचा इतिहास उघडून पाहावं. दर आठवड्याला हात लागतो ती कडी आधी तोडावीत. पाच वर्षांत कुणी शिवलेलं नाही, ते कडं थांबू शकतं. त्यावर व्याज जवळजवळ चढतच नाही.