दोन लिनक्स यंत्रं, मधे मायक्रोसॉफ्टचा प्रोटोकॉल

आज एका लिनक्स संगणकाचा डेस्कटॉप दुसऱ्यावर पाहायचा तर ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये एक पर्याय चालू करायचा आणि पलीकडून रेमिनासारख्या प्रोग्रॅमने जोडून घ्यायचं. मधे धावतो तो आरडीपी, म्हणजे दूरचा डेस्कटॉप दाखवण्याचा प्रोटोकॉल (संवादाचे ठरलेले नियम), मूळचा मायक्रोसॉफ्टचा. गंमत म्हणजे खिडक्या नेटवर्कवरून दाखवण्याची सोय लिनक्सचा पूर्वज असलेल्या युनिक्सकडे त्याच्या कितीतरी आधीपासून होती.

अमेरिकेतल्या एमआयटीत १९८४ साली पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडो सिस्टिमवर काम सुरू झालं. तिथल्या प्रोजेक्ट अथेना या संगणक प्रकल्पात वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं होती आणि प्रोग्रॅम एका यंत्रावर चालून दुसऱ्याच्या पडद्यावर दिसायला हवा होता. म्हणून एक्सचा प्रोग्रॅम ‘इथे रेघ ओढ, इथे हा मजकूर लिही’ अशा सूचना पाठवतो आणि त्या पाळणारा सर्व्हर तुमच्या समोरच्या यंत्रावर असतो. (सर्व्हर आपल्या टेबलावर आणि क्लायंट दूर, ही उलटापालट नवख्यांना आजही चक्रावते.) १९८७ ची अकरावी आवृत्ती दशकानुदशकं टिकली.

विश्वासाच्या बाबतीत मात्र एक्स भोळा होता. एकदा जोडला गेलेला प्रोग्रॅम इतरांच्या खिडक्या वाचू शके, दाबलेली प्रत्येक कळही टिपू शके. १९९५ मध्ये आलेल्या एसएसएच या सुरक्षित जोडणीच्या साधनामुळे निदान वाटेतली वाहतूक कूटबद्ध झाली. पण दूरच्या, संथ जोडणीवर एक्स रडतखडत चाले, कारण बारीकसारीक गोष्टींसाठीही प्रोग्रॅम सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहत बसे. २००३ च्या सुमारास आलेल्या एनएक्स या तंत्राने प्रश्नोत्तरांच्या या फेऱ्या कमी केल्या. दुरून डेस्कटॉप वापरण्याचं एक्सटूगो हे साधन त्याच्याच पायावर उभं आहे. शिवाय साध्या एक्सची जोडणी तुटली की तिच्यातून उघडलेला प्रोग्रॅमही सहसा बंद पडे. आणि मुख्य म्हणजे एक्सची ही सोय मुळात एकेका प्रोग्रॅमपुरती होती. समोर चालू असलेला अख्खा डेस्कटॉप दुसऱ्याला दाखवणं ही निराळीच गरज होती.

ती भागवली पडदा जसाच्या तसा दाखवणाऱ्या व्हीएनसीने. इंग्लंडच्या केंब्रिजमधल्या ऑलिव्हेटीच्या (पुढे एटी अँड टीच्या) प्रयोगशाळेत नव्वदच्या दशकात ते घडलं. सूचना वगैरे काही नाही, पडद्यावरचे बदललेले चौकोन उचलून पाठवायचे. इतका साधा प्रोटोकॉल की तो कुठेही बसला. २००२ मध्ये प्रयोगशाळा बंद झाली, पण कोड जीपीएल परवान्याखाली खुला होता. त्यातूनच टाइटव्हीएनसी आणि पुढे टायगरव्हीएनसी आले. लिनक्सवर नेहमीचा व्हीएनसी सर्व्हर स्वतःचाच वेगळा, अदृश्य पडदा उघडतो. ‘जोडलं तर गेलं, पण माझ्या उघड्या खिडक्या कुठेत?’ ही तक्रार त्यातलीच. खरा पडदा दाखवण्यासाठी एक्स११व्हीएनसी लागे. जुन्या पद्धतीत पासवर्डची पहिली आठच अक्षरं मोजली जात आणि पुढची वाहतूक उघडी असे. म्हणूनच व्हीएनसीचा ५९०० पोर्ट (जोडणीचं दार) एसएसएचच्या बोगद्यातून न्यावा, हा सल्ला रूढ झाला.

मग २००८ मध्ये क्रिस्तियान हॉग्सबर्ग यांनी एक्सची जागा घेण्यासाठी वेलँड सुरू केलं. त्यात नेटवर्कवरून चित्र काढण्याची सोय नाही आणि एका प्रोग्रॅमला दुसऱ्याची खिडकी दिसतच नाही. एक्सचं भोळेपण संपलं, पण त्यावरच जगणारी एक्स११व्हीएनसीसारखी साधनं निरुपयोगी झाली. माझ्या मते निर्णय योग्य होता. पर्याय हाताशी नसताना लिनक्सच्या वितरणांनी (तयार संचांनी) वेलँड पुढे रेटलं, ते मात्र घाईचं होतं. ही पोकळी पाइपवायर (पडद्याचं चित्र पोचवणारी सेवा) आणि पोर्टल (परवानगी विचारणारा मध्यस्थ) यांनी भरली: पडदा हवा असेल तर आधी वापरकर्त्याला विचारा.

आरडीपी १९९८ मध्ये विंडोज एनटीच्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीबरोबर आला होता. कूटबद्धता, आवाज, क्लिपबोर्ड, व्हिडिओ संक्षेपण हे सगळं त्यात आहे, आणि फ्रीआरडीपी ही मुक्त लायब्ररी तयारच होती. २०२२ च्या ग्नोम ४२ ने तो स्वीकारला, २०२४ मध्ये केडीईच्या प्लाझ्मा ६.१ या दुसऱ्या डेस्कटॉपनेही. पण परवानगीच्या चौकटीवर क्लिक करायला समोर कोणीच नसेल तर? त्यासाठी ग्नोम ४६ मध्ये थेट दुरून लॉगिन करण्याची सोय आली. आणि एकच खिडकी एसएसएचवरून आणण्याची जुनी सवय ज्यांना सुटत नाही, त्यांच्यासाठी वेलँडवर वेपाइप आहे.