वसंतातील हिमलोट

हिवाळा सरताना उन्हाने भिजून जड झालेला बर्फाचा थर डोंगरउतारावरून घसरतो, त्याला ओला हिमलोट म्हणतात. इंदूरच्या मराठी घरांत अक्षय्य तृतीया जवळ आली की चारधामच्या पिशव्या भरू लागतात. गंगोत्री-यमुनोत्रीची दारे त्याच दिवशी उघडतात. बर्फ वितळू लागला म्हणजे वाट सोपी झाली, असे माळव्याच्या उन्हात राहणाऱ्याला वाटणे साहजिक आहे. पण घसरण्याची एक वेळ नेमकी तीच.

थंडीत बर्फाचे कण एकमेकांना चिकटून असतात. ऊन चढले की वरचा बर्फ वितळून पाणी आत झिरपते आणि ही पकड सुटते. खाली कडक पापुद्रा किंवा गुळगुळीत कातळ असेल, तर पाणी तिथे अडते आणि वरचा थर त्यावरून निसटतो. साधारण ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वांत धोक्याचे. त्याहून उभ्या कड्यांवर बर्फ फारसा साठतच नाही. ओला लोट कोरड्या भुकटीच्या लोटापेक्षा सावकाश येतो, पण त्याचे वजन भयंकर असते आणि थांबताच तो घट्ट आवळून बसतो.

सगळे रात्रीवर ठरते. आभाळ निरभ्र असेल तर बर्फ पुन्हा गोठतो आणि सकाळपर्यंत उतार धरून राहतो. ढगाळ रात्री तो गोठत नाही; यात्रेकरूला उबदार, सुखाची वाटणारी रात्र म्हणूनच वाईट. पूर्वेकडच्या उतारांवर धोका सकाळीच वाढतो, दक्षिणेकडच्या उतारांवर दुपारी. पाय गुडघ्यापर्यंत रुतणे, उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप गडगडणे, या खुणा दिसल्या की त्या उताराखाली थांबू नये.

केदारनाथच्या पायवाटेवर भैरव आणि कुबेर गदेरा (गदेरा म्हणजे ओढ्याची घळ) येथे बर्फ वारंवार खाली येतो. तिथे लोक ज्याला ‘ग्लेशियर’ म्हणतात, तो पुष्कळदा जुन्या हिमलोटाचा ढिगाराच असतो. सिक्कीममध्ये ४ एप्रिल २०२३ रोजी भरदुपारी नाथू ला रस्त्यावर लोट कोसळून ७ पर्यटक दगावले. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या १०-१५ मिनिटांत बाहेर काढले तर आशा मोठी असते. अर्ध्या तासानंतर ती फार थोडी उरते. त्यामुळे सोबतच्यांनी मदतीला पळण्याआधी, माणूस शेवटचा जिथे दिसला त्याच्या खालच्या बाजूला लगेच शोधायला लागावे.