इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपची उंची लावणे

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली जे पिकअप बसवलेले असतात ते तारांपासून किती अंतरावर ठेवायचे हे स्क्रू फिरवून ठरवणं म्हणजे पिकअपची उंची लावणं. गिटारच्या सेटअपमधलं हे सगळ्यात स्वस्त काम आहे, एक स्टारचा स्क्रू ड्रायव्हर आणि थोडा निवांत वेळ एवढंच लागतं, आणि तरी कितीतरी गिटारींवर हे स्क्रू दुकानातून आल्यापासून कुणी हलवलेलेच नसतात. नेकचा (गिटारच्या दांड्याकडचा) पिकअप घुमतोय, ब्रिजचा (तारा बॉडीवर जिथे टेकतात तिकडचा) बारीक वाटतोय, एकच तार बाकीच्यांच्या डोक्यावर बसतेय, अशा तक्रारी असल्या की लोक थेट नवीन पिकअप शोधायला लागतात आणि हजारो रुपये घालवतात, त्याआधी उंची लावून बघायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर स्टीलची तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं, आणि त्यामुळे कॉइलमध्ये वीज तयार होते, तीच ॲम्पला जाते. हे क्षेत्र चुंबकापासून लांब गेलं की फार झपाट्याने कमकुवत होतं, म्हणून अर्ध्या मिलिमीटरचा फरकसुद्धा कानाला कळतो. पिकअप जवळ आणला की आवाज मोठा होतो, पिकचा फटका टोकदार येतो, ॲम्पचा आवाजही लवकर फाटायला लागतो. लांब नेला की आवाज कमी होतो पण मोकळा आणि स्वच्छ होतो, हळू वाजवलेलं आणि जोरात वाजवलेलं यातला फरक जास्त नीट ऐकू येतो, आणि कमी झालेला आवाज तर ॲम्पचं बटण फिरवून परत मिळतोच.

मग जास्तीत जास्त जवळच का नाही ठेवायचा? कारण चुंबक नुसता तारेचं ऐकत बसत नाही, तो तिला ओढतोसुद्धा. ही ओढ तारेच्या वर-खाली हलण्यावर जास्त परिणाम करते आणि आडव्या हलण्यावर कमी, त्यामुळे एकाच तारेतून किंचित वेगळे असे दोन सूर निघतात आणि ते एकमेकांशी भांडतात. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे स्ट्रॅट, गिटारवर नेकचा पिकअप खूप वर असेल तर सहाव्या तारेवर, म्हणजे जाड्या ई वर, बाराव्या फ्रेटच्या (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) पुढे एखादा सूर धरून बघा, तो डुलायला लागतो, ट्यूनरचा काटा एका जागी थांबतच नाही, आणि सूर लवकर मरतोही. गिटारवाले याला स्ट्रॅटायटिस म्हणतात. अशा गिटारवर ब्रिजचे सॅडल (तार ज्यावर टेकते ते तुकडे) कितीही मागेपुढे केले तरी इंटोनेशन, म्हणजे सगळ्या फ्रेटवर सूर बरोबर येणं, बसत नाही, आणि माणूस बिचारा गिटारलाच दोष देत राहतो. उपाय साधा आहे, पिकअप खाली न्या, डुलणं बंद होईपर्यंत. फेंडरच्या जुन्या पद्धतीच्या सिंगल कॉइलमध्ये, म्हणजे एकाच कॉइलच्या पिकअपमध्ये, अल्निको चुंबकाच्या सहा कांड्या थेट तारांखाली उभ्या असतात, म्हणून हा त्रास तिथे जास्त. गिब्सन कंपनीच्या हंबकरमध्ये, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपमध्ये, चुंबक पट्टीसारखा तळाशी आडवा असतो आणि वर लोखंडी स्क्रू आणि खुंट्या येतात, ओढ कमी पडते, त्यामुळे तो बराच जवळ ठेवता येतो.

आकडे सांगायचे तर पद्धत अशी की तार शेवटच्या फ्रेटवर दाबायची आणि तारेच्या खालच्या कडेपासून पोलपीसच्या (तारेखालच्या त्या कांडीच्या किंवा स्क्रूच्या) माथ्यापर्यंत मोजायचं. दाबायचंच, कारण मोकळ्या तारेवर मोजलं तर वरच्या फ्रेटवर वाजवताना अंतर किती उरतं ते कळत नाही. फेंडर जुन्या पद्धतीच्या सिंगल कॉइलला जाड्या तारेकडे साधारण 2.4 आणि बारीक तारेकडे 2 मिलिमीटर सांगते, हंबकरला दोन्हीकडे 1.6. गिब्सनच्या लेस पॉलसारख्या गिटारला नेकला 2.4 आणि ब्रिजला 1.6 हे माप सर्रास वापरलं जातं. शाळेच्या फूटपट्टीने मोजायला जाऊ नका, तिचा शून्य कडेपासून आत असतो, आणि स्टीलची पट्टी चुंबक ओढून घेतो. एटीएम कार्डची जाडी 0.76 मिलिमीटर असते, म्हणजे दोन कार्डं एकावर एक ठेवली की 1.5, तीन ठेवली की 2.3, हे वरच्या आकड्यांच्या इतकं जवळ आहे की घरच्या घरी मापं लावायला यापेक्षा सोपं काही नाही, फक्त आकडे उठावाचे नसलेली सपाट कार्डं घ्या.

पण हे आकडे सुरुवात करायला आहेत, शेवट कानानेच करायचा. ब्रिजजवळ तार फार कमी हलते आणि नेककडे भरपूर हलते, म्हणून दोन्ही पिकअप सारख्याच उंचीवर ठेवले तर नेकचा हमखास मोठा वाजणार. त्यामुळे ब्रिजचा जवळ, नेकचा लांब, आणि जाड्या तारांची बाजू बारीक तारांच्या बाजूपेक्षा थोडी खाली, हे जवळजवळ सगळ्याच गिटारींना लागू पडतं. माझ्या मते नेकपासून सुरू करावं, कारण डुलण्याचा त्रास तिथेच आधी होतो. तो इतका खाली न्या की सूर स्वच्छ होईल, मग ब्रिजचा त्याच्याशी बरोबरी करेपर्यंत वर आणा, आणि शेवटी मधला, असेल तर. ॲम्प क्लीन चॅनलवर ठेवा, गिटारचे व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडे, डिस्टॉर्शन लावून हे काम करू नका कारण डिस्टॉर्शन सगळे फरक सपाट करून टाकतं. एकच वाक्य सगळ्या पिकअपवर सारख्याच जोराने वाजवत स्विच फिरवत राहायचं. स्ट्रॅटच्या दुसऱ्या आणि चौथ्या पोझिशनला दोन पिकअप एकत्र वाजतात, त्यातला एक फार मोठा असेल तर तो खास पोकळ टणत्कार येतच नाही, तेही ऐकून घ्या. मधला पिकअप बऱ्याच जणांच्या पिकला आडवा येतो, म्हणून ते लोक तो पार पिकगार्डच्या (बॉडीवर बसवलेल्या प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीच्या) पातळीला नेऊन ठेवतात, त्यात चुकीचं काही नाही.

स्क्रू किती फिरवायचा हेही कळलं पाहिजे. अमेरिकन फेंडरच्या स्क्रूला इंचाला 32 आटे असतात, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात पिकअप साधारण 0.8 मिलिमीटर हलतो. लेस पॉलच्या हंबकरचा स्क्रू बारीक आट्यांचा, इंचाला 48, तिथे एक फेरा 0.5 मिलिमीटरच्या आसपास, आणि मेट्रिक एम 3 स्क्रू असेल तर बरोबर अर्धा मिलिमीटर. म्हणून एका वेळी अर्धा फेरा पुरे, फिरवा, ऐका, परत फिरवा. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की पिकअप वर येतो, उलट फिरवलं की खाली जातो. खूप खाली नेताना जपा, स्क्रू खालच्या पट्टीतून सुटला की पिकअप आत पडतो, स्प्रिंग निसटते, आणि मग स्ट्रॅट असेल तर तारा काढून अख्खं पिकगार्ड उचलावं लागतं. स्क्रू ड्रायव्हर पोलपीसजवळ गेला की चुंबक त्याला खेचतो आणि ॲम्प चालू असेल तर फटाक् आवाज येतो, म्हणून फिरवताना व्हॉल्यूम बंद करा.

सगळ्या गिटारींना हे स्क्रू-स्प्रिंगचं गणित नसतं. फेंडरच्या जुन्या पद्धतीच्या टेलिकास्टर गिटारचा नेक पिकअप पिकगार्डखाली थेट लाकडात स्क्रूने बसवलेला असतो, त्यामुळे उंची बदलायला आधी पिकगार्ड काढावं लागतं. 1946 मध्ये आलेला गिब्सनचा पी-90 पिकअप तर अजून वेगळा. त्याच्या सोपबार प्रकारात दोन स्क्रू पोलपीसच्या मधून खाली लाकडात जातात, वर ढकलायला खाली फोम किंवा पट्ट्या घालतात, आणि स्क्रू घट्ट केला की पिकअप वर यायच्या ऐवजी खाली दबतो, सवयीने फिरवणारा माणूस इथे हमखास गोंधळतो. कानासारखे फाटे असलेल्या डॉग-इअर प्रकाराला कव्हरखाली पट्टी सरकवूनच उंची मिळते.

आता पोलपीसचं. हंबकर आणि पी-90 वर स्क्रूसारखे पोलपीस असतात, ते एकेका तारेसाठी वरखाली करता येतात, पण ते शेवटी, आधी अख्ख्या पिकअपची उंची लावून घ्यायची. 1954 च्या मूळ स्ट्रॅटवर पोलपीसची उंची कमीजास्त ठेवलेली होती, कारण तेव्हा तिसरी तार वेढ्याची असायची, ती दबून वाजायची म्हणून तिच्याखालची कांडी उंच ठेवली. आज सगळे साधी तिसरी तार लावतात, आणि तीच तार मग या जुन्या आराखड्यावर सगळ्यात मोठी वाजते. अशा पिकअपच्या कांड्या कधीही ठोकून खाली ढकलू नका, जुन्या पद्धतीच्या बांधणीत कॉइलची तार थेट चुंबकावर गुंडाळलेली असते, तुटली की पिकअप गेला. अख्खी बाजू जरा खाली नेऊन तडजोड करा, नाहीतर सपाट पोलपीसचा पिकअप घ्या.

हे सगळं करायचं नव्या तारा घालून, आणि ट्रस रॉड (नेकचा बाक ठरवणारी आतली सळई) आणि ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) लावून झाल्यावर, कारण सॅडल हलवला की तारेचं पिकअपपासूनचं अंतर पण बदलतं. इंटोनेशन मात्र पिकअप खाली आणल्यावरच लावा, नाहीतर ओढलेल्या तारेवर ते खोटंच लागतं. मुंबई-कोकण-गोव्याकडे पावसाळ्यात लाकूड ओलावा घेतं, नेकचा बाक बदलतो, ॲक्शन वाढते, म्हणून जूनमध्ये लावलेली उंची सप्टेंबरनंतर परत एकदा तपासावी, आणि त्या हवेत स्क्रू गंजतात तेही बघावं, गंजलेला स्क्रू जोर लावून फिरवला तर डोकं घासून जातं, त्याआधीच बदललेला बरा. तारांची जाडी बदलली, म्हणजे 9 च्या जागी 10 चा सेट घातला, तर लोखंड जास्त येतं आणि पिकअपमधून आवाज पण थोडा जास्त निघतो, तेव्हा अर्धा फेरा खाली नेऊन परत ऐकायचं.